विमा घराचा की कर्जाचा?

प्रश्न : भुईगावला आमचं जुनं कौलारू घर आहे. मागे पडवी, कडेला केळीची वाडी. 2021च्या तौक्ते वादळात कौलं उडाली, सुरूचं झाड कुंपणाच्या भिंतीवर आलं. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने विम्याचे पैसे कापले होते. आता पुन्हा वेगळा विमा कशाला? शिवाय सरकार मदत देतंच ना?
— एक वाचक, वसई

उत्तर : आधी तो कागद कपाटातून काढून वाचा. कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. माणूस गेला तर कर्ज फिटतं. छप्पर गेलं तर त्यातून एक कौलसुद्धा येत नाही.

तुम्हाला हवी ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी. 1 एप्रिल 2021पासून ती सगळीकडे सारख्याच अटींवर मिळते. वादळ, पूर, वीज कोसळणं हे सारं त्यात येतं. पडवी, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकीही येते, पण अर्जात त्यांचा उल्लेख करा. रक्कम ठरते ती घर आज नव्याने बांधायला लागेल त्या खर्चावर. वसईतला गुंठ्याचा भाव यात धरू नका, जमीन वादळात उडत नाही! घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं. दागिन्यांसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. केळी यात नाहीत. दारातली गाडीही नाही. तिचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्यावर हात चोळत बसाल.

जुन्या घराचं खरं भांडण पुढेच होतं. वासे सडलेलेच होते, असं म्हणून कंपनी दावा कापू शकते. म्हणून शाकारणी वेळेवर करा, बिलं जपा, तारखेसह फोटो काढून ठेवा. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. इशाऱ्याची बातमी ऐकून पॉलिसी घ्यायला धावू नका. ती एकदम दहा वर्षांचीही घेता येते.

सरकारी मदतीवर फार विसंबू नका. आपत्ती निधीच्या 2022-26च्या निकषांत पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 रुपये, सपाट भागात घर पूर्ण कोसळलं तर 1,20,000. निसर्ग वादळानंतर 2020 साली राज्याने हात सैल केला होता, पण दरवेळी तसं होईलच असं नाही. तरी तलाठ्याकडून पंचनामा जरूर करून घ्या; त्याची प्रत विम्याच्या दाव्यालाही उपयोगी पडते. कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर येण्याआधी फुटकी कौलं फेकू नका. ताडपत्री मात्र घाला आणि तिचं बिल ठेवा.

आणि घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल तर अर्जात ते लपवू नका. किती भाऊ-बहिणींचा हिस्सा आहे तेही लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी घर तुमचं कसं, इथूनच सुरुवात होईल. वारसनोंदीचं काम याच उन्हाळ्यात हाती घ्या.