मिसेस फान डानचं काम तूच कर

सांगली,
रविवार, रात्र

चि. सोनू हिस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. ती रडत नाही हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. कालही रडली नाही. पण बोलताना दर दोन वाक्यांमागे "बघ बाई" म्हणत होती, आणि ती "बघ बाई" म्हणायला लागली की समजायचं, आतून पार हललीय. तू मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन राहिलीस, तालमीला जाणं बंद केलंस, घरचा फोन उचलत नाहीस. कारण काय, तर ॲन फ्रँकच्या डायरीवरच्या नाटकात ॲनचं काम दुसरीला मिळालं, तुझ्या वाट्याला मिसेस फान डान आली, आणि त्यावर आई म्हणाली, "भांडायचंच काम आहे ना, मग तुला तालीम कशाला हवी?"

लागलं असेल. तिची जीभ आमच्या बापूंवर गेलीय. ते गावभर बोलून मोकळे व्हायचे आणि मग घरी येऊन विचारायचे, "मी काय वाईट बोललो?" पण म्हणून पिशवी भरून घराबाहेर पडायचं? एवढी घोडी झालीस, कॉलेजात नाटकं करतेस, लोकांच्या मनात शिरायच्या गप्पा मारतेस, आणि आईच्या एका वाक्याच्या आत शिरता येईना? राग आलाय मला, सोनू. इथे बसून तुझ्या पाठीत धपाटा घालता येत नाही म्हणून लिहिते आहे.

आईला फोन कर. पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल, पण तेवढं कर.

वाचणार असशील तर आता त्या बाईबद्दल. दादाने मला सांगितलं की तू म्हणालीस, "त्या नटव्या, कजाग म्हातारीचं काम मी का करू?" मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा हे असं ऐकून गप्प बसणं मला जमायचं नाही. पहिलं म्हणजे ती म्हातारी नव्हती. आउगुस्ते फान पेल्स तिचं खरं नाव. फान डान हे ॲनने वहीत दिलेलं. १९०० सालचा जन्म. जुलै १९४२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागच्या भागात नवरा आणि मुलासह ती लपायला आली, तेव्हा तिला बेचाळिसावं चालू होतं. म्हणजे तुझ्या आईपेक्षा लहान. फ्रँक मंडळी आठवडाभर आधी आली होती. नोव्हेंबरात आठवा माणूस आला, फ्रिट्झ फेफर, दातांचा डॉक्टर. सगळे मूळचे जर्मनीतले ज्यू. हिटलरला भिऊन एकदा हॉलंडात पळून आलेले, आणि हॉलंडही त्याच्या ताब्यात गेल्यावर आता एका पुस्तकांच्या कपाटामागे.

भांडणार नाहीत तर काय करतील? दिवसभर खाली गोदामात कामगार, त्यांना वर माणसं आहेत याचा पत्ता नाही. कामाच्या वेळात पायात बूट घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, संडासात पाणी ओढायचं नाही. खोकला आला तरी दाबायचा. मग संध्याकाळी कामगार घरी गेले की दिवसभर दाबलेलं सगळं चादरींवर आणि बशांवर निघायचं. चादरी खरंच. सामायिक कपाटातून आउगुस्तेने आपल्या चादरी गुपचूप काढून घेतल्या, कारण ॲनच्या आईच्या, एडिथ फ्रँकच्या, चादरी आहेत की सगळ्यांना पुरतील! उलट जेवायला तिच्या बशा वापरात आणि फ्रँकांच्या बांधून ठेवलेल्या, म्हणून ती धुसफुसायची. आपल्याकडच्या जावाजावांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. आणि ही बाई लपायला येताना टोपीच्या मोठ्या डब्यात काय घेऊन आली, तर रात्रीचं मुताचं भांडं! त्याशिवाय तिला कुठे घरी असल्यासारखं वाटायचं नाही म्हणे. पंचवीस वर्षं मुलींना हे सांगत आले, दरवर्षी वर्ग हसला. मीही हसायचे.

तुमच्या संहितेत तिचा फरचा कोट असेल. तोरा मिरवायला म्हणून तो तुझ्या अंगावर चढवतील. त्या कोटाचं पुढे काय झालं ते मात्र दिग्दर्शकाला विचार. सशाच्या कातड्याचा, सतरा वर्षं वापरलेला तो कोट १९४३ मध्ये ३२५ गिल्डरना विकला. लढाई संपल्यावर नवे कपडे घ्यायला ते पैसे ठेवायचे असं तिच्या मनात होतं. नवरा म्हणाला, घरात खायला हवं. केवढी ओरड झाली असेल! ॲनने लिहिलंय ते त्या ओरडीबद्दल. मला दिसते ती ओरडीमागची एक बाई, जी अजूनही धरून चालली होती की लढाई संपणार आहे आणि आपण रस्त्यावर चांगले कपडे घालून चालणार आहोत. सोनू, हे एक वाक्य पाठ केलंस तरी तुझं काम उभं राहील.

आणखी एक. या लोकांना जेवणखाण पोचवणाऱ्या मीप खीस यांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या, त्यात आहे. मीपच्या वाढदिवसाला आउगुस्तेने तिला बाजूला घेऊन आपली काळ्या खड्याची अंगठी दिली. काळ्या बाजारात त्या अंगठीचं मांस मिळालं असतं, नवऱ्याच्या सिगरेटी आल्या असत्या. चादरी मोजून घेणाऱ्या बाईने अंगठी दिली. आता सांग, ती कंजूष की उदार? मला अजून ठरवता आलेलं नाही.

ॲन हुशार होती, तिची नजर सुरीसारखी होती. पण होती तेरा-चौदा वर्षांची, आणि लिहिणारी जवळपास ती एकटीच. तिची बहीण मार्गोही वही लिहायची, ती हाती लागली नाही. फेफरचंच बघ. ॲनला त्याच्याबरोबर एका अरुंद खोलीत राहावं लागलं, तेरा वर्षांची पोर आणि पन्नाशी उलटलेला परका पुरुष. लिहायच्या टेबलावरून दोघांची जुंपली. तिला आठवड्यातून दोन दुपारी दीड-दीड तास हवे होते, तो देईना, शेवटी तिच्या वडिलांनी, ओटोंनी, मध्ये पडून मिटवलं. वाचताना आपण ॲनच्या बाजूने असतो. असावंच. पण त्या माणसाने आपला एकुलता एक मुलगा १९३८ मध्ये इंग्लंडला पाठवून दिला होता. जिच्यावर त्याचा जीव होता ती ख्रिस्ती, आणि ज्यूंनी ज्यू नसलेल्यांशी लग्न करायचं नाही असा जर्मनीचा कायदा. ती त्याच शहरात राहत होती. मीप दोघांची पत्रं पोचवायची, पण तो कुठे आहे हे त्या मैत्रिणीला कळू द्यायचं नाही. असा माणूस टेबलासाठी हट्ट धरून बसला होता.

आणि नाटकवाल्यांचा तर मला जुना राग आहे, तुमची जात असली तरी. ब्रॉडवेवरच्या १९५५ च्या त्या गाजलेल्या नाटकात मिस्टर फान डान रात्री पाव चोरताना पकडला जातो. डायरीत असं काही नाही. प्रवेश रंगावा म्हणून गॅस चेंबरमध्ये मेलेल्या माणसाला चोर केला. फेफर धर्माचं सगळं जाणणारा, प्रार्थना करणारा माणूस. नाटकात त्याला ज्यूंचे सण समजावून सांगावे लागतात, कारण प्रेक्षकांना समजावायला कुणीतरी अडाणी हवा होता. त्याच्या मैत्रिणीने तक्रार केली, तिचं कोण ऐकतो! म्हणून म्हणते, हे काम तू सोडलंस तर दुसरी कुणीतरी ते डोळे फिरवून, कंबरेवर हात ठेवून करेल आणि टाळ्या घेईल.

मीही घेतल्या होत्या. तुला आक्काआत्या आठवणार नाही, तू जन्मायच्या आधी गेली. सासरहून परत आलेली, आमच्या दोन खोल्यांत तिची एक वळकटी आणि एक ट्रंक. साखरेच्या डब्यावर बोटाने खूण करून ठेवायची. मी बीएला असताना गणपतीत वाड्यात तिची नक्कल केली, खुणेसकट. लोक पोट धरून हसले. आक्का दुसऱ्या रांगेत होती. तीही हसली, म्हणजे तोंड तसं केलं. तुझी आई तेव्हा चौथीत होती. सगळ्या वाड्यात तीच एकटी उठली आणि आक्काच्या मांडीला मांडी लावून जाऊन बसली. मला नंतर म्हणाली, "ताई, ती मोजते कारण तिचं स्वतःचं काही नाहीये." चौथीतली पोर! मला ते कळायला चाळिशी यावी लागली, तोवर आक्का गेली होती. तीच ही तुझी आई. तुझ्याशी वाकडं बोलली, मान्य. पण तिला माणूस कळत नाही असं समजू नकोस.

आपली घरातली भांडणं आणि त्यांची भांडणं एका तागडीत घालायची नाहीत, हेही सांगून ठेवते. त्यांच्या दाराशी मरण उभं होतं. आपल्याकडे फार तर शेजारच्या वहिनी उभ्या असतात. मी तुलना करत नाही. फक्त आईचा विषय निघाला म्हणून ॲनच्या आईचं सांगते, मग थांबते.

ॲनचं आईशी पटायचं नाही. वडील म्हणजे देव आणि आई म्हणजे अडगळ. एका रात्री वडील मोकळे नव्हते म्हणून आई तिच्याबरोबर प्रार्थना म्हणायला आली. ॲन नको म्हणाली. एडिथ दारापाशी थबकली, म्हणाली की तुझ्यावर रागावून काय करू, माया काही जबरदस्तीने करवून घेता येत नाही. आणि रडत गेली. ही हकिकत ॲननेच लिहिलीय. तिचा खरेपणा बघ, आपल्याला लाज वाटेल असं ती गाळत नाही. आणि त्याच वहीत हेही आहे: विमानविरोधी तोफा गडगडत होत्या, ॲन घाबरून मेणबत्ती लावा म्हणत होती, ओटो नाही म्हणाले. ते पहिल्या महायुद्धात लढलेले गृहस्थ, त्यांना तोफांचं काय! शेवटी आईच ताडकन उठली आणि नवऱ्याच्या कुरकुरीला न जुमानता तिने मेणबत्ती लावली. पोर काही तुमच्यासारखी सैन्यात नव्हती, असं त्यांना सुनावून. जानेवारी १९४४ मध्ये ॲनने जुनी पानं वाचली आणि आईबद्दल आपण काय काय लिहिलंय ते पाहून ती चरकली. त्याच महिन्यात तिने हेही कबूल केलं की फान डानांशी होणाऱ्या भांडणांत थोडा दोष आपलाही आहे. पंधरावं पुरं व्हायचं होतं तिचं. तू एकोणीस.

४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. आउशवित्झमधून वाचून आलेल्या बायकांनी सांगितलंय की तिथे ही आई आणि दोन्ही मुली एकमेकींना सोडत नव्हत्या, एडिथ आपल्या वाटणीचा पाव लेकींसाठी राखून ठेवायची. शरद सरता सरता मुलींना बेर्गेन-बेल्झनला नेलं. आई मागे राहिली आणि ६ जानेवारी १९४५ ला मेली. छावणी सुटायला तीन आठवडे उरले होते.

आणि तुझी मिसेस फान डान? तीही बेर्गेन-बेल्झनला पोचली होती. १९४५ च्या सुरुवातीला ॲनची बालमैत्रीण हानेली त्याच छावणीच्या दुसऱ्या भागात होती. मध्ये कुंपण, त्यात पेंढा भरलेला, पलीकडचं दिसायचं नाही. अंधारात, पहारेकऱ्यांची नजर चुकवून तिने हाक मारली, तेव्हा पलीकडून उत्तर आलं ते आउगुस्तेचं. हानेलीने ॲनबद्दल विचारलं. आउगुस्तेने सांगितलं, मार्गो फार आजारी आहे, तिला उठवणार नाही, पण ॲनला आणते. आणि जाऊन घेऊन आली. जिने वहीभर हिची टर उडवली, त्या पोरीला ती उपाशी बाई हाताशी धरून कुंपणापाशी घेऊन आली. आईवडील दोघंही गेले, आता आपलं कुणी नाही, असं ॲन त्या वेळी समजत होती. ओटो जिवंत होते. आठांतले तेवढेच एक परतले. आउगुस्तेचा शेवट त्याच वर्षी एप्रिलच्या सुमारास झाला, एका छावणीतून दुसरीकडे नेत असताना.

हा प्रवेश तुमच्या नाटकात नसणार. तरी रंगमंचावर चादरीवरून भांडशील तेव्हा ही तीच बाई आहे हे तुला माहीत असू दे. भांडण कमी करू नकोस हं, कडकडून भांड. ते तुला येतं. (आई खोटं बोलली नव्हती.)

फार बोलले. रात्र झाली की मला असं होतं. तू लहान असताना पाऊस लागला की माझ्या पदराखाली शिरायचीस, त्या पोरीला रागाने लिहायचं म्हटलं तरी लेखणी फार वेळ चालत नाही. खोलीवर नीट जेवतेस ना? तुझी दम्याची औषधं घरीच राहिलीत असं आई म्हणाली. ती बरोबर घेऊन दोनदा तुझ्या कॉलेजच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली, तू चिडशील म्हणून आत आली नाही. मी तुला हे सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस.

उद्या तालमीला जा. आधी आईला फोन कर, मग मला. काय बोलायचं ते सुचलं नाही तर औषधं आणून दे एवढंच म्हण. प्रयोगाची तारीख ठरली की कळव, मी आदल्या दिवशीच येते, आणि तिकिटं दोन काढून ठेव. एक माझं, एक तुझ्या आईचं.

तुझी,
मावशी