जुना ट्रॅक्टर घेताना : रंग पाहू नका, अंग पाहा



पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात खिलार बैल घ्यायचा झाला तर आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि जमलं तर जुंपूनही बघतो. तोच आपला शेतकरी जुना ट्रॅक्टर घ्यायला गेला की नवा रंग आणि चकचकीत बॉनेट बघून विसार देऊन मोकळा होतो. ऊस बिल खात्यावर जमा झाले की गटात फिरताना आम्हांला हमखास विचारले जाते, "साहेब, एक जुना ट्रॅक्टर बघितलाय, घेऊ का?" त्याचे उत्तर बांधावर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी हिशेब करा. 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टरवर आली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. समजा, 3 लाखांना ट्रॅक्टर घेतला. 12 टक्क्यांनी व्याज 36 हजार, किमतीतली घट 30 हजार, विमा व दुरुस्ती 24 हजार. वर्षाला 90 हजार झाले, आणि यात डिझेल व ड्रायव्हर धरलेला नाही. नांगरट, रोटाव्हेटर, सरी, बांधणी मिळून एकरी 10 तास काम धरले तर चार एकरांचे 40 तास होतात. म्हणजे तासाला सव्वादोन हजार रुपये नुसता उभा खर्च! तोच ट्रॅक्टर वर्षाला 300 तास चालला तर हा खर्च तासाला 300 रुपयांवर येतो. आपल्या गावचा भाड्याचा दर शेजारी मांडून बघावा. एकट्याला परवडत नसेल तर भावाभावांनी किंवा दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा. मात्र कोणाचा वाटा किती, डिझेल व दुरुस्ती कोणी करायची, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे.

कामाप्रमाणे ताकद निवडा. आपल्या भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट करायची तर 40 अश्वशक्तीच्या पुढचाच ट्रॅक्टर लागतो. पण ही नांगरट दर वर्षी नसते, खोडव्याला तर लागतच नाही. तेवढे काम भाड्याने करून घ्यावे. पाच फुटी सरी असेल तर आंतरमशागतीला 15 ते 25 अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर पुष्कळ होतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे. ज्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि ज्याचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर आहे, तो घ्यावा. एचएमटी हे एके काळचे नावाजलेले यंत्र, पण त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. असे यंत्र स्वस्त मिळाले तरी सुट्या भागांची चौकशी आधी करावी.

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. इथले बरेच जुने ट्रॅक्टर हंगामात ऊस वाहतुकीवर राबलेले असतात. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढून क्लच, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आणि ब्रेक यांचा जीव गेलेला असतो. तासांचे मीटर बदलता येते, पण पेडलवरचे झिजलेले रबर खोटे बोलत नाही. मागच्या अॅक्सलवर आणि ट्रॉलीच्या हुकाजवळ वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर वाहतुकीत पिळलेला ट्रॅक्टर आहे असे समजावे.

तपासणी या क्रमाने करावी :

1) सकाळी लवकर, न कळवता जावे. इंजिनला हात लावून बघावा. गरम असेल तर आधी चालू करून ठेवले आहे. इंजिन गारच असताना सुरू झाले पाहिजे.

2) धूर बघावा. निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल जळते आहे. सारखा काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचा दोष. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

3) इंजिन बंद व गार असताना ऑइलची पट्टी काढून बघावी. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नसावा.

4) अर्धा तास नांगर लावून शेतात चालवावा. गिअर आपोआप सुटतो का, क्लच घसरतो का, तापल्यावर ऑइलचा दाब पडतो का, हे ओझ्याखालीच कळते.

5) नांगर वर उचलून इंजिन बंद करावे व लांब उभे राहून बघावे. नांगर भराभर खाली बसला तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. उचललेल्या अवजाराखाली कोणी जाऊ नये.

6) स्टिअरिंगचा ढिलेपणा, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, आणि मागच्या टायरच्या भेगा बघाव्यात. टायर बदलायचे असतील तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली करावी.

सोबत स्वतःचा मिस्त्री न्यावा. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचाच असतो.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाने खोडव्याचे सगळे बिल घालून ट्रॅक्टर घेतला. यंत्र चांगले होते. चार महिन्यांनी कर्ज वसुलीवाले आले आणि ट्रॅक्टर घेऊन गेले, कारण आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेलेच नव्हते. पैसे देणाऱ्याच्या हाती राहिली फक्त स्टॅम्पवरची नोटरी. म्हणून आरसी बुकावर बोजा आहे का ते बघावे. असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व सहीचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चेसिस व इंजिन नंबर स्वतः पुसून आरसीशी ताडून बघावेत. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागते. ट्रॉलीची नोंद वेगळी असते, तीही मागावी. वाहतूक करारापोटी ट्रॅक्टरवर कोठे उचल घेतलेली आहे का, हेही विचारावे.

फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन नाव बदलून घ्यावे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत व घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही 14 दिवसांत आपल्या नावे करण्यास अर्ज करावा. ट्रॅक्टर विकणाऱ्या सभासदांनीही ध्यानात ठेवावे की, नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा ज्याच्या नावे नोंद आहे त्याच्यावर येतो.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. वर्षभर पाणी देऊन, रात्री-अपरात्री मोटर चालू करून आलेले ते बिल आहे. विसार देण्यापूर्वी आरसीची झेरॉक्स घेऊन गट ऑफिसला यावे. आम्ही सोबत बसून हिशेब मांडू. आणि हिशेबात बसत नसेल, तर "घेऊ नका" असेही मोकळेपणाने सांगू.