दहा अडथळे आणि चार बोटं

विद्यार्थी मित्रहो, आणि पोरांना न्यायला येऊन भिंतीपाशी घडीभर थांबलेल्या पालकहो,

आपल्या शाळेत शंभर मीटरची शर्यत होते, पोत्याची होते, लिंबू-चमच्याची होते. अडथळ्यांची शर्यत मात्र होत नाही. तिला हर्डल्स म्हणतात. या वेळच्या पाठात मुलींच्या व बायकांच्या १०० मीटर हर्डल्सची माहिती घेऊ.

आधी मापं. शर्यत १०० मीटरची. वाटेत दहा अडथळे. प्रत्येक अडथळा ८३.८ सेंटिमीटर उंच, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा १३ मीटरवर. त्यापुढे दोन अडथळ्यांत ८.५ मीटर अंतर. दहावा अडथळा ओलांडला की शेवटची रेषा १०.५ मीटरवर. वहीत बेरीज करून पाहा, बरोबर शंभर भरतात. (दहा अडथळ्यांच्या मधल्या जागा नऊच असतात. इथेच पुष्कळांचं गणित चुकतं.) पुरुषांची शर्यत ११० मीटरची असून अडथळे १०६.७ सेंटिमीटर उंच असतात.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, हे तं उड्या मारनं झालं!" तसं नाही. उडी मारणारा वर जातो, आणि जेवढा वेळ तो हवेत, तेवढा वेळ त्याचं धावणं बंद. हर्डल्स धावणारी मुलगी वर जात नाही, पुढे जाते. वावराचा धुरा न थांबता ओलांडावा तसं एक लांब पाऊल टाकते. अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर अलीकडे ती जमीन सोडते आणि पलीकडे सुमारे एक मीटरवर टेकते. म्हणजे साडेआठ मीटरपैकी साडेपाचच उरले. त्यात तिला बरोबर तीन पावलं टाकायची असतात. तीनच का? तीन टाकली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. चार टाकली की पाय बदलतो आणि चाल मोडते. पहिल्या अडथळ्यापर्यंत बहुतेक जणी आठ पावलं घेतात. पावलांचा हा ठेका एकदा चुकला की उरलेले सगळे अडथळे चुकत जातात.

चुकून धक्का लागून अडथळा पडला तर बाद करत नाहीत. पण प्रत्येक धक्क्याला वेळ जातो, आणि या शर्यतीत वेळ मोजतात तो सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. आपल्याकडे अकोल्याची एस. टी. दहा मिनिटं उशिरा आली तरी आपण 'वेळेवर आली' म्हणतो. इथे तो हिशेब चालत नाही.

सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती? शंभर मीटर १२.७८ सेकंदांत धावणारी मुलगी एका सेकंदात सुमारे ७.८ मीटर जाते. त्याचा शंभरावा भाग ७.८ सेंटिमीटर. तुमची चार बोटं जुळवून आडवी धरा. साधारण तेवढंच.

या चार बोटांचा इतिहास जुना आहे. आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकला गेलं होतं आणि तिथे त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, हे वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकलं असेल. त्याच ऑलिम्पिकमध्ये बायकांची हर्डल्स झाली. तेव्हा ती ८० मीटरची असे. पहिल्या चारही जणींची वेळ घड्याळात एकच, ११.७ सेकंद! शेवटी छायाचित्र पाहून निकाल लावला आणि इटलीची ओंडिना वाल्ला पहिली ठरली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपासून ही शर्यत शंभर मीटरची झाली.

आपल्या देशाच्या वाट्याला चार बोटं आली ती १९८४ साली, लॉस एंजेलिस इथे. शर्यत होती ४०० मीटर हर्डल्सची. पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथी आली. तिसरी आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१. कांस्यपदक तेवढ्यानं गेलं.

आता शंभर मीटरवाल्या ज्योती याराजीची गोष्ट. ती आंध्र प्रदेशातल्या विशाखापट्टणमची, जन्म १९९९ चा. वडील खासगी पहारेकरी, आई लोकांच्या घरी काम करणारी आणि दवाखान्यात साफसफाई करणारी. शाळेत असताना खेळाच्या शिक्षकांनी तिची उंची हेरली आणि तिला हर्डल्सकडे वळवलं. आमच्या मते या गोष्टीतली मोठी बाब पदकाची नाहीच. ती ही, की पोरगी उंच झाली म्हणून घरच्यांनी तिला मैदानातून परत बोलावली नाही. आपल्या भागात सातवी झाली की पोरीचं खेळणं बंद करतात, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

या शर्यतीतला भारताचा विक्रम अनुराधा बिस्वालच्या नावावर होता. १३.३८ सेकंद, साल २००२. ज्योतीनं जानेवारी २०२० मध्ये विद्यापीठांच्या स्पर्धेत १३.०३ वेळ दिली. विक्रम मोडलाच की! पण तिथे उत्तेजक द्रव्याची तपासणी झाली नव्हती, म्हणून तो धरला नाही. मग एप्रिल २०२२ मध्ये कोझिकोडला ती १३.०९ धावली. तोही धरला नाही. का? तर वारा.

हे नीट समजून घ्या. पाठीमागून वारा असला की धावणाऱ्याला आयती मदत होते. उन्हाळ्यात वावटळीच्या दिशेनं सायकल हाकली आहे ना? तेच. म्हणून धावपट्टीच्या कडेला वारा मोजायचं यंत्र ठेवतात. शर्यत सुटल्यापासून १३ सेकंदांचा वारा मोजून त्याची सरासरी काढतात. पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंत चालतो. त्याहून जास्त असला तर पदक मिळतं, पण वेळ विक्रमाच्या वहीत चढत नाही. कोझिकोडला वारा किती होता? २.१ मीटर!

दुसरी एखादी चिडून घरी बसली असती. ज्योती दुसऱ्याच महिन्यात, १० मे २०२२ ला, सायप्रस देशात १३.२३ धावली. आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा ही मंदच, पण वारा नियमात होता. वीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगळूरला १२.८२, म्हणजे तेरा सेकंदांच्या आत येणारी ती पहिली भारतीय स्त्री. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १२.७८ वेळेसह कांस्यपदक.

वारा फक्त आपल्यालाच नडतो असं नाही बरं का. नायजेरियाची टोबी अमुसान २०२२ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत १२.१२ धावली, तो जागतिक विक्रम ठरला. अंतिम फेरीत ती १२.०६ धावली. सुवर्णपदक मिळालं, पण वारा २.५ मीटर होता, म्हणून विक्रम १२.१२ चाच लिहिला गेला.

पुन्हा चार बोटांकडे येऊ. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला थेट प्रवेशाची वेळ ठरली होती १२.७७ सेकंद. ज्योतीची वेळ १२.७८! मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ती परत धावली. वेळ किती? परत १२.७८. (त्याच स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राचा, संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिरसे ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत धावला आणि पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.) शेवटी जागतिक क्रमवारीवरून ज्योतीला प्रवेश मिळाला आणि ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत धावणारी ती पहिली भारतीय ठरली. तिथे १३.१६ आणि १३.१७ अशा वेळा आल्या, पुढची फेरी गाठता आली नाही. अंतिम फेरीत अमेरिकेची मसाई रसेल १२.३३ धावून पहिली, फ्रान्सची मुलगी १२.३४ धावून दुसरी. म्हणजे तिथेही चार बोटंच!

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी गावी आशियाई स्पर्धा झाली. २०२३ ची विजेती ज्योतीच होती. अंतिम शर्यतीत ती १२.९६ सेकंदांत पहिली आली. दुसरी जपानची, तिसरी चीनची, दोघींचीही वेळ १३.०७. या स्पर्धेचा आधीचा विक्रम १३.०४ होता, तोही गेला. या वेळी वारा नियमात होता.

आपल्या मैदानावर करून पाहायचं असेल तर लोखंडी अडथळे नकोत. दोन बाजूंना दोन-दोन विटा रचा, वर एक तुराटी नुसती ठेवा, बांधू नका. पाय लागला की ती पडली पाहिजे. उंची वीतभर पुरे. आपल्या तीन पावलांत बसेल तेवढं अंतर ठेवा, आणि आधी गोटे वेचून घ्या.

स्वाध्याय
१. गुमीच्या शर्यतीत पहिली व दुसरी यांच्या वेळेत किती फरक होता? त्याची बोटं किती होतील?
२. सेकंदाला २ मीटर वारा म्हणजे तासाला किती किलोमीटर?
३. दोन अडथळ्यांमध्ये चार पावलं टाकून पाहा. कोणता पाय पुढे आला ते वहीत लिहा.