दुखणं सांगा, डोस नको

प्रश्न : मी ४६ वर्षांची, सांगलीत राहते. काही वर्षांपासून मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. भाचा म्हणतो, "मावशी, तुझे अनुभव पॉडकास्टमधून सांग." काय सांगावं, काय टाळावं?

उत्तर : जरूर सांगा. संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारपणी झिजलेले गुडघे आठवतात. तुमच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. घरच्यांना हे पटत नाही, कारण दुपारी तुम्ही ठीकठाक दिसता. म्हणून सकाळचं सांगा : तासभर न वळणारी मूठ, कुकरचं झाकण, निऱ्या, ब्लाउजचे हूक. दवाखान्यातल्या घाईत हे राहूनच जातं, आणि खरं तर आम्हा डॉक्टरांना तेच ऐकायचं असतं.

औषधाचं नाव घेतलंत तरी डोस सांगू नका. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घेतात. ऐकण्यात गफलत होऊन कुणी रोज घेतलं, तर जिवावर बेतू शकतं. 'अमुक पुडीने ठणठणीत झालो' म्हणणाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावूच नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर चार दिवसांत आराम पडतो!

सासरचे टोमणे सांगायचे असतील, तर आधी घरात बोला. रेकॉर्डिंग दुपारनंतर ठेवा, फोन स्टँडवर लावा. सांधे सुजले असतील त्या आठवड्यात भाग चुकला, तर खुशाल चुकू द्या.