वडिलांनी ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद व्हावे का?

प्रश्न : मी सौदी अरेबियात रास अल खैरच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात नोकरीला आहे. आई गेल्यापासून ७२ वर्षांचे वडील पुण्यात एकटेच राहतात. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात जा म्हटले, की ‘सवलती मला तशाही मिळतात, वर्गणी कशाला भरू?’ म्हणतात. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर : सवलतींपुरते अगदी बरोबर आहे. एसटीत पंच्याहत्तरीपर्यंत अर्धे तिकीट आणि पुढे मोफत प्रवास, हे वयाच्या पुराव्यावर मिळते. सत्तरीपुढच्यांचे ५ लाखांचे आयुष्मान कार्डही आधारवरच निघते. रेल्वेची सवलत तर मार्च २०२० पासून बंद आहे. संघाचे ओळखपत्र दाखवून ती मिळत नाही. संघ म्हणजे सरकारी कचेरी, हा समज त्यामुळे सोडून द्या. रहिवासीच तो स्थापन करतात. अशा संघांचा राज्यातील महासंघ म्हणजे १९८० पासूनचा ‘फेस्कॉम’. ज्येष्ठांच्या मागण्या तो सरकारदरबारी नेतो.

संघाचा खरा उपयोग वेगळाच आहे. पुण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा तुमच्याकडे तीन वाजलेले असतात आणि तुम्ही कामावर असता. नेमक्या त्याच वेळी बागेतल्या बाकांवर मंडळी जमतात. नेहमीचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर चांगल्या संघात तिसऱ्या दिवशी कोणीतरी दाराची बेल वाजवतेच. तुमच्या रोजच्या फोनवर वडील ‘बरा आहे’ म्हणतील. दार उघडताना त्यांचा तोल गेला, तर ते समोरच्यालाच दिसेल. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा वर्गणी वसूल झाली.

तोटेही आहेत. काही ठिकाणी वर्षानुवर्षे तेच पदाधिकारी, गटबाजी, लांबलचक भाषणे. सहलीचा आणि वाढदिवसांचा खर्च वर्गणीत धरलेला नसतो. ओळखीचा फायदा घेऊन कोणी गुंतवणुकीची योजना गळ्यात मारू पाहतो. वडिलांना तिथे कुठेही सही न करण्याचे बजावून ठेवा. आणि स्वभावाने एकटे रमणाऱ्याला रोजचा घोळका जाचतोच, त्यात त्याचा दोष नाही.

तेव्हा आजीव सभासदत्वाची घाई नको, आधी एका वर्षाची वर्गणी भरा. संघाची नोंदणी आहे का, लेखापरीक्षित हिशेब वार्षिक सभेत मांडतात का, हे विचारा. बैठकीची जागा पायी जाण्याजोगी आणि बिनजिन्याची हवी. पुढच्या सुट्टीत याल, तेव्हा दोन संध्याकाळी स्वतः वडिलांबरोबर जाऊन बसा. पावती फाडायची की नाही, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.