बोटीचा बझर वाजला, आता किती जाणार?

देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे सुकतीच्या वेळी बझर वाजला तर आधी इंजिनकडे बघू नका, वाळूच्या पट्ट्याकडे बघा. थ्रॉटल खाली घ्या, न्यूट्रल करा, नांगर टाका. बोट एकदा जागेवर थांबली की बझरचं काय ते पाहता येतं. इंजिनवर वाकून बसलेला मालक आणि फुटत्या लाटांकडे सरकणारी बोट, हे चित्र मी दोनदा पाहिलंय. त्यातल्या एका वेळी मालक मीच होतो.

त्या दिवशीचा खर्च आधी सांगतो, म्हणजे हा लेख का लिहिला ते कळेल. बझर अधूनमधून वाजायचा, तोही वेग वाढवला की. मेकॅनिक आला आणि पंधरा मिनिटांत निदान झालं, 'गरम होतंय'. इम्पेलरचा संच ४,२००, थर्मोस्टॅट २,१००, तापमानाचा सेन्सर ३,८००, फेरीचे १,५०० आणि मजुरी ३,०००. एकूण १४,६०० रुपये. पुढच्या रविवारी बझर पुन्हा वाजला. शेवटी सापडली ती स्टिअरिंगच्या खोक्यामागची एक वायर. लोखंडी क्लॅम्पवर घासून तिचं आवरण गेलं होतं. बोट उसळली की वायर क्लॅम्पला टेकायची आणि बझर ओरडायचा. इन्सुलेशन टेपची गुंडाळी चाळीस रुपयांना आली.

आता कामाचं. खालचे आकडे ४० ते ६० अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्डचे आहेत, आमच्या बाजूला मी मोजलेले किंवा विचारून घेतलेले. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. मोठ्या किंवा इनबोर्ड इंजिनांना हे लागू करू नका, तिथे आकड्याला आणखी एक शून्य सहज लागतं.

बझर नेमका कुठून वाजतोय, हे कान देऊन ऐका. ऐकायला वेडगळ वाटेल, पण फिशफाइंडरचा उथळ पाण्याचा इशारा, जीपीएसचा नांगर सरकल्याचा इशारा, तळात पाणी साचल्याचा अलार्म हे सगळे स्टिअरिंगजवळच्या त्याच फूटभर जागेत बसवलेले असतात आणि सगळ्यांचा आवाज साधारण 'पीं'च असतो. एकेका यंत्राचं बटण बंद करून बघा. खर्च शून्य. माझ्या एका मित्राने बोटीच्या बझरसाठी मेकॅनिकला अलिबागहून बोलावलं होतं. त्याने येऊन फिशफाइंडरमधली खोलीची मर्यादा बदलली आणि फेरीचे पैसे घेऊन गेला. चूक मेकॅनिकची नव्हती.

आवाज इंजिनचाच असेल तर तो सलग आहे की तुटक, आणि इंजिनचा वेग आपोआप पडला का, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. हल्लीच्या इंजिनांत तापमान चढलं किंवा ऑइलचा दाब पडला की कंप्युटर स्वतःच फेरे कमी करतो, तुम्ही कितीही थ्रॉटल ओढा. सलग आवाज आणि पडलेला वेग म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय असं धरून चाला. तुटक आवाज आणि वेग जसाच्या तसा, तर बहुधा एखादी सूचना असते किंवा वायरिंग. बऱ्याच जुन्या इंजिनांत वेग कमी करण्याची सोय नसते, त्यामुळे हा फक्त अंदाज, निकाल नव्हे.

सूचनेवरून आठवलं. सुझुकीच्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये ऑइल बदलायची आठवण करून देणारी सोय आहे. पहिले २० तास झाले की, मग ८० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी बझर दोन-दोनदा वाजतो. इंजिन ठणठणीत असतं. ऑइल बदला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने इशारा रद्द करा. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाचा तो खेळ आहे, तो करायला कुणाला पैसे देऊ नका. ऑइल किती लागतं तेही मॅन्युअलमध्ये असतं. आऊटबोर्डसाठीचं एफसी-डब्ल्यू दर्जाचं घ्या, मोटरसायकलचं नको. ऑइल आणि फिल्टर मिळून २,००० ते ३,००० होतात.

आता इंजिनच्या मागे बघा. तिथून पाण्याची एक बारीक धार पडत असते. आमच्याकडचे म्हातारे मेकॅनिक फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात. एकाला मी बझरचं सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी धार बघ, मगे माका फोन कर." धार जोरात असेल तर पाणी फिरतंय. धार नसेल किंवा ठिबकत असेल तर लगेच इंजिन बंद करा.

मग इंजिन वर उचला. खालच्या पायावर पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात. प्लास्टिकची पिशवी, शेवाळ किंवा जाळ्याचा तुकडा तिथे चिकटलेला सापडला तर काढून टाका, खर्च संपला. काही वेळा धारेचं भोकच मिठाने किंवा किड्याच्या घराने बुजलेलं असतं. जाड तंगूसाचा तुकडा आत घालून हलवायचा. एकदा माझ्याकडे त्यातून चिखलाचा गोळा बाहेर आला. दोन महिने बोट उभी होती, तेवढ्यात कुंभारीण माशीने तिथे संसार थाटला होता. इंजिन जास्त वर ट्रिम केलेलं असेल तरी जाळी हवा ओढते आणि बझर वाजतो. खाली घ्या, पुन्हा बघा.

जाळी साफ आहे आणि तरीही धार नाही, तर इम्पेलर. हे रबराचं पाकळ्यांचं चक्र असतं. वाळू आणि सुकं इंजिन हे त्याचे दोन वैरी. देवबागसारख्या वाळूच्या पाण्यात ते एका मोसमात झिजू शकतं. नुसता इम्पेलर १,५०० ते २,५००, पंपाचा पूर्ण संच ४,००० ते ८,०००, मजुरी १,५०० ते ३,०००. बिल देण्याआधी जुना इम्पेलर हातात घ्या आणि पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तुकडा कुठे आहे ते विचारा. तो इंजिनच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि नवा इम्पेलर बसवूनही बझर वाजत राहतो. "तुकडा शोधला का?" हा प्रश्न विचारला की कामाचा दर्जा कळतो.

धार छान आहे, तरी गरम झाल्याचा इशारा येतो, तर थर्मोस्टॅट तपासायचा. तो घरीही तपासता येतो. पातेल्यात पाणी, त्यात दोरीने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. पाणी साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास आलं की तो उघडायला हवा. नेमका आकडा त्याच्या अंगावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. उघडत नसेल तर नवा १,५०० ते ३,०००. स्वयंपाकघरातून पातेलं नेताना मात्र आधी विचारून घ्या.

ऑइलच्या इशाऱ्यात चालढकल नको. इंजिन लगेच बंद करा. उभं आणि थंड असताना डिपस्टिक काढा. पातळी कमी असेल तर भरा, पण कुठे गेलं ते शोधायचं काम उरतंच. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर पाणी आत शिरलंय. असं इंजिन पुन्हा सुरू करू नका, बोट ओढून घ्या. स्थानिक होडीवाल्याला २,००० ते ५,००० द्यावे लागतील, दर आधीच ठरवा. दुरुस्त न करता चालवत राहिलात तर पॉवरहेड उघडायची वेळ येते आणि ते दीड-दोन लाखांच्या घरात जातं.

इंधनाची भानगड अलीकडे वाढली आहे. पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं, आणि बऱ्याच आऊटबोर्ड कंपन्यांची मॅन्युअलमधली मर्यादा १० टक्के. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तीन-चार महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि इंजिन पहिला घोट तळातूनच घेतं. यामाहाच्या अनेक इंजिनांत फिल्टरच्या पारदर्शक पेल्यात लाल रिंग असते. ती तरंगत वर आली तर पाणी आहे. पेला रिकामा करा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. पाणी वेगळं करणारा बाहेरचा फिल्टर बसवायला सगळं मिळून ३,००० ते ५,००० लागतात. मी बसवून घेतला आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

इथवर काहीच सापडलं नाही, तर वीज. मल्टिमीटर ४००-५०० रुपयांना मिळतो. बंद इंजिनवर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, चालू इंजिनवर १३.५ ते १४.५. त्याखाली असेल तर काही इंजिनं व्होल्टेजसाठीच बझर वाजवतात. आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवी बुरशी घासा, नवी बॅटरी ७,००० ते ११,००० ची असते. जुन्या इंजिनांत बझरला एका बाजूने वीज असते आणि सेन्सर त्याला अर्थिंग देतो, म्हणून वायर कुठेही धातूला टेकली तरी बझर वाजतो. सेन्सरची वायर क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर सेन्सर किंवा खरी उष्णता, नाही थांबला तर वायर. उष्णता खरी की खोटी ते हजार-दीड हजाराच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. वायर काढून बोट चालवायची मात्र नाही.

मेकॅनिकला बोलावताना या सगळ्याची टिपणं हातात ठेवा. किती फेऱ्यांवर वाजलं, धार होती का, वेग पडला का, आवाज सलग होता का. फोनवरच अर्धं निदान होतं. कंप्युटरमधले दोष वाचायची जोडणी बहुधा अधिकृत केंद्रांकडेच असते. तिचे २,००० ते ४,००० मागितले तर नाक मुरडू नका, तीन भाग अंदाजाने बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. बदललेले जुने भाग मागून घ्या आणि ते पिशवीत घालून दिल्यावरच पैसे द्या.

समुद्रात असताना प्रवासी धोक्यात असतील तर हिशेब बाजूला ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक आणि व्हीएचएफचं १६ वं चॅनेल यासाठीच आहेत.

आणि हो, पावसाळा संपून बोट पुन्हा पाण्यात घालताना चावी 'ऑन'ला न्या आणि ऐका. बऱ्याच इंजिनांत त्या क्षणी बझर एकदा वाजतो. वाजला नाही तर तो मेलेला असू शकतो. नवा ५०० ते ८०० रुपयांना मिळतो, बसवायला दोन स्क्रू.