प्रोसेसरमधील मायक्रोकोडची दुरुस्ती : कार्यालयीन संगणकाची एक दुर्लक्षित निगा

अहिल्यानगर जिल्ह्यातील चौदाही तालुक्यांत ग्रामपंचायतीपासून तहसील कार्यालयापर्यंतचे बरेचसे कामकाज आज संगणकाच्या साहाय्याने चालते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, विविध दाखले यांत नागरिकांची खाजगी माहिती साठविलेली असते. संगणकाची निगा म्हणजे धूळ झटकणे व विषाणूंचा बंदोबस्त करणे, एवढीच सर्वसाधारण समजूत आहे. परंतु दोष खुद्द प्रोसेसरमध्येही असू शकतो.

मायक्रोकोड म्हणजे काय ?

प्रोसेसर गुंतागुंतीची आज्ञा लहान लहान पायऱ्यांनी पार पाडतो. या पायऱ्यांच्या, चिपमध्येच साठविलेल्या सूचनांना मायक्रोकोड म्हणतात. ही कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडली. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा दोष आढळला, तेव्हा चिप बदलून देण्यावाचून कंपनीला गत्यंतर उरले नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मात्र मायक्रोकोडमध्ये नंतर सुधारणा करण्याची सोय झाली.

दुरुस्ती कशी होते ?

तिचे दोन मार्ग आहेत. पहिला मदरबोर्डवरील बायोसचा. बायोस बदलत असताना मध्येच वीज गेल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग ऑपरेटिंग सिस्टीमचा. विंडोज अथवा लिनक्स सुरू होताना उत्पादकाने दिलेली दुरुस्ती प्रोसेसरकडे सोपविते. प्रोसेसर तिच्यावरील उत्पादकाची सांकेतिक सही तपासतो व ती खरी असेल तरच स्वीकारतो. ही दुरुस्ती चिपमध्ये कायम राहत नाही. वीज बंद होताच ती पुसली जाते आणि पुढील वेळी पुन्हा भरली जाते. त्यामुळे वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी हा मार्ग अधिक निर्धोक ठरतो.

दक्षता का हवी ?

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर हे दोष जगासमोर आले. त्यांचा गैरफायदा घेऊन एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची गुप्त माहिती वाचणे शक्य होते. स्पेक्टरच्या एका प्रकारावरील उपायासाठी नवा मायक्रोकोड आवश्यक ठरला. मात्र पहिल्या दुरुस्तीने काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले व २२ जानेवारी रोजी इंटेलनेच तिचा वापर थांबविण्याचा सल्ला दिला. दुरुस्तीची घाई आणि हयगय या दोहोंतही हानी आहे, हाच यातील धडा होय.

कार्यालयांनी काय करावे ?

१. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अधिकृत सुधारणा बंद ठेवू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने अशा संगणकांचा स्वतंत्र आढावा घ्यावा.

२. महत्त्वाच्या नोंदींची प्रत आधी वेगळी काढून ठेवावी.

३. अनेक संगणक असल्यास दुरुस्ती प्रथम एकावर करून काही दिवस पाहावे.

४. दुरुस्तीची फाइल अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये.

५. सुधारणा झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा, कारण मायक्रोकोड साधारणतः त्याच वेळी भरला जातो.

शाळेतील संगणक शिक्षकांना ही कामे सहज समजावून देता येतील. त्यांना वेगळा खर्च फारसा लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो. गावकऱ्यांनी विश्वासाने सोपविलेल्या माहितीचे रक्षण हे दप्तर सांभाळण्याइतकेच कर्तव्य आहे.